त्वचादानाला नकार देण्यापूर्वी

घरात मृत्यू झाला आणि कुणी नेत्रदानाचा विषय काढला, तर आज महाराष्ट्रातल्या पुष्कळ कुटुंबांत एखादं तरी माणूस पुढे होऊन 'करू या' म्हणतं. त्याच घरात, त्याच तासाला त्वचादानाचं नाव घेतलं की चेहरे बदलतात. 'म्हणजे सोलणार?' हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारतं, कुणी मनातल्या मनात. मग कारणं पुढे येतात. देह विद्रूप होईल. दुसऱ्याच्या अंगावर परकी कातडी टिकत नाही म्हणे. बाबांचं वय ब्याऐंशी, त्या सुरकुतलेल्या कातडीचा कुणाला काय उपयोग? मेलेल्या माणसाची कातडी मेलेलीच असणार. आणि आता तर कृत्रिम त्वचासुद्धा निघाली आहे.

ही कारणं देणारी माणसं वाईट नसतात. ती दुःखात असतात, आणि त्या घटकेला त्यांच्याशी वाद घालणं क्रूरपणाचं आहे. म्हणूनच हा वाद आधी, शांत वेळी, सगळे धडधाकट असताना घालायला हवा. कारण यातलं एकही कारण तपासणीत टिकत नाही, आणि नकाराची किंमत भाजलेल्या माणसांना मोजावी लागते.

या सगळ्या कारणांच्या तळाशी एकच समजूत आहे. त्वचा म्हणजे वरचं वेष्टन, आत जे आहे ते खरं शरीर. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव; त्वचा मात्र दिसण्यापुरती, गोरी-काळी ठरवण्यापुरती. ही समजूत मुळातच खोटी आहे. प्रौढ माणसाच्या अंगावर दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते. शरीराच्या सर्वांत मोठ्या अवयवांत तिची गणना होते, आणि तिला एक क्षणही सुट्टी नसते.

तिची रचना पाहा. सगळ्यात वर बाह्यत्वचा. शरीराच्या बहुतेक भागावर ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड. पापण्यांवर त्याहून पातळ, तळहात-तळपायांवर पुष्कळ जाड. तिच्या तळच्या थरात पेशी सतत जन्म घेतात, वर वर सरकतात, वाटेत केराटिन नावाच्या प्रथिनानं भरत जातात आणि शेवटी केंद्रक गमावून, मरून, चपट्या होऊन पृष्ठभागावर येतात. या प्रवासाला साधारण महिना, कधी त्याहून जास्त लागतो. या मृत, चपट्या पेशींच्या पंधरा-वीस थरांमध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं गच्च भरलेली असतात. शरीरातलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचे जंतू आत येऊ न देणं ही दोन्ही कामं मुख्यतः हाच थर करतो. बाह्यत्वचेखाली अंतस्त्वचा: कोलॅजन आणि इलास्टिनच्या तंतूंचं जाळं, त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोकं, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं. त्याखाली चरबीचा थर.

आता मेलेल्या माणसाची कातडी मेलेलीच, या आक्षेपाकडे वळतो, कारण त्याचं उत्तर याच रचनेत आहे. जिवंत माणसालाही बाहेरच्या जगापासून जो थर वाचवतो, तो मृत पेशींचाच असतो. त्वचापेढीत दान आलेली त्वचा बहुधा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, थंड तापमानाला ठेवली जाते. नेदरलँड्समधल्या त्वचापेढीनं १९८० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आहे, आणि तिच्यामुळे त्वचा पाच वर्षांपर्यंत वापरता येते. ग्लिसरॉलमधल्या त्या त्वचेत जिवंत पेशी उरत नाहीत. तरीही ती जखमेवर घातल्यावर पाणी अडवते, जंतू अडवते, वेदना कमी करते. ज्या कामासाठी ती हवी असते, त्या कामाला पेशी जिवंत असण्याची अट नाही.

ते काम किती मोठं आहे, हे बर्न्स वॉर्डात कळतं. निरोगी माणसाच्या त्वचेतून दिवसाला, घाम सोडून, साधारण अर्धा लिटर पाणी नकळत उडून जातं. त्वचा जळाली की हा हिशेबच कोलमडतो. रक्तवाहिन्या झिरपू लागतात, द्रव ऊतींत शिरतो, उघड्या जखमांवरून उडून जातो. भाजलेल्या रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत किती सलाइन द्यायचं, याचा अंदाज डॉक्टर पार्कलंड सूत्रानं काढतात: ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी. ६० किलो वजनाची बाई ५० टक्के भाजली असेल, तर उत्तर येतं १२ लिटर. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. माणसाच्या अंगात एकूण रक्तच जेमतेम पाच लिटर असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो.

सलाइननं पहिले दोन दिवस निभावले, तर पुढे दुसरं संकट. उष्णता निसटत राहते आणि ती भरून काढताना शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागतं. चयापचयाचा वेग दुपटीपर्यंत जाऊ शकतो. जळून मेलेली कातडी जंतूंसाठी उत्तम अन्न. स्युडोमोनससारखे जिवाणू तिथे ठाण मांडतात, रक्तात शिरतात. मोठ्या प्रमाणावर भाजलेली कित्येक माणसं आगीतून वाचतात, दवाखान्यात पोचतात, नातलगांशी बोलतात आणि काही दिवसांनी जंतुसंसर्गानं जातात. बाकीचे सगळे अवयव शाबूत असताना जातात. त्वचा हे नुसतं वेष्टन असतं, तर असं झालंच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसं मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांत स्वयंपाकघरात भाजलेल्या बायका आहेत, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात पडलेली पोरं आहेत, विजेच्या तारेला चिकटलेले वायरमन आहेत, कारखान्यातले कामगार आहेत. जिला पेटवून दिलं, तीही आहे आणि जिनं स्वतःला पेटवून घेतलं, तीही. यातल्या बहुतेकांच्या घरी पैसा नाही. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नाही, आणि म्हणून मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीची जशी चर्चा होते, तशी त्यांच्या गरजेची होत नाही. त्वचादान मागे पडण्याचं मला दिसणारं एक कारण हेसुद्धा आहे.

आता विद्रूपतेचा आक्षेप. तो सर्वांत खोलवर रुतलेला आहे, म्हणून त्याचं उत्तर मोजमापातच द्यायला हवं. त्वचादानात पूर्ण जाडीची कातडी काढत नाहीत. डर्माटोम नावाच्या उपकरणानं बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचेचा अगदी वरचा पापुद्रा, असा मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका पातळ थर घेतात. पाठीवर अंतस्त्वचा कित्येक मिलिमीटर जाड असते. म्हणजे घेतलेल्या भागापेक्षा राहिलेला भाग कितीतरी जास्त. मांड्या, पाय आणि पाठ एवढ्याच जागांवरून ती घेतात. चेहरा, मान, छाती, हात यांना स्पर्शही होत नाही. रक्ताभिसरण थांबलेलं असल्यामुळे रक्त वाहत नाही. घेतलेली जागा फिकट दिसते. तिच्यावर पट्टी बांधून पथक देह परत करतं. साधारण पाऊण तासाचं काम. वर कपडे असतात, पांढरी चादर असते. दर्शनाला आलेल्या माणसाला काही घडलं हे कळतही नाही. सोलणं या क्रियेशी याचं काहीही साम्य नाही, आणि ज्या कार्यकर्त्यांना हे सांगायचा संकोच वाटतो, त्यांनी तो सोडावा. लोकांच्या मनातलं चित्र भयानक आहे. संदिग्ध बोलण्यानं ते आणखी भयानक होतं.

हाच पातळ थर जिवंत माणसाच्या मांडीवरूनही घेतात. भाजलेल्या रुग्णाच्या शरीरावर जी चांगली त्वचा उरलेली असते, तिचा असाच थर काढून जखमेवर लावतात. ज्या जागेवरून काढला तिथे केसांच्या मुळांत आणि घामाच्या ग्रंथींच्या नळ्यांत उरलेल्या पेशी वर सरकतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी बाह्यत्वचा तयार करतात. त्या जागेवरून पुन्हा थर घेता येतो. रुग्णाची स्वतःची त्वचा हाच अखेरचा आणि कायमचा इलाज. अडचण अशी की ज्याचं ६० टक्के अंग भाजलंय, त्याच्याकडे एका वेळी पुरेल इतकी चांगली त्वचा नसते. एक टप्पा लावायचा, दोन आठवडे थांबायचं, पुन्हा घ्यायची. या मधल्या आठवड्यांत उघड्या जखमांचं काय करायचं? दानाची त्वचा याच प्रश्नाचं उत्तर आहे.

इथे 'टिकत नाही' हा आक्षेप येतो. खरं आहे, ती टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोमध्ये शल्यचिकित्सक टॉम गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमांवर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. ते काही काळ तग धरून गळून गेले. त्यानंतर त्याच भावाच्या त्वचेचे पुन्हा तुकडे लावले, तर ते अधिक वेगानं नाकारले गेले. शरीर परकी त्वचा ओळखतं आणि लक्षातही ठेवतं, हे त्यांनी १९४३ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. पुढे मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं, आणि आजच्या अवयव प्रत्यारोपणाच्या शास्त्राचा पाया या कामात आहे. बाह्यत्वचेत लांगरहान्स पेशी असतात. पॉल लांगरहान्स यानं बर्लिनमध्ये विद्यार्थी असताना १८६८ मध्ये त्या पाहिल्या आणि त्यांच्या फांद्यांमुळे त्यांना मज्जापेशी समजला. त्या प्रत्यक्षात शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या पहारेकरी आहेत. त्वचेचं प्रत्यारोपण एवढं अवघड का, याचा मोठा भाग इथे उलगडतो.

पण टिकत नाही म्हणजे निरुपयोगी, हे कुठलं तर्कशास्त्र? हाड जुळल्यावर प्लास्टर काढून टाकतात, म्हणून कुणी प्लास्टर फुकट गेलं म्हणत नाही. दानाची त्वचा साधारण दोन-तीन आठवडे जखमेला चिकटून राहते. फार भाजलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्तीच खचलेली असल्यामुळे कधी त्याहूनही जास्त. तेवढ्या दिवसांत ड्रेसिंग बदलताना होणारा जीवघेणा त्रास कमी होतो, द्रव आणि उष्णता टिकते, खालचा भाग रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेच्या थरासाठी तयार होतो आणि मांडीवरची जागा पुन्हा भरून येते. ती तात्पुरतीच असणार हे डॉक्टरांना आधीपासून माहीत असतं. त्यांना तेवढीच हवी असते. याच कारणानं रक्तगट जुळवावा लागत नाही, वय-लिंग जुळवावं लागत नाही. रंगाचाही प्रश्न येत नाही. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या सगळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कोणतं रंगद्रव्य बनवतात, कसं पसरवतात यानं. कोणत्या जातीच्या, कोणत्या धर्माच्या माणसाची ती त्वचा आहे हे तर जखमेला विचारताच येत नाही.

वयाचा आक्षेपही याच ओघात निकालात निघतो. त्वचापेढ्या अठरा वर्षांवरच्या दात्याची त्वचा घेतात, आणि वरची वयोमर्यादा ठेवत नाहीत. सुरकुत्या पडतात त्या अंतस्त्वचेतलं कोलॅजन आणि इलास्टिन क्षीण झाल्यामुळे. वरचा अडवणारा थर म्हातारपणीही काम करतच असतो. मधुमेह, रक्तदाब असलेल्या माणसाचीही त्वचा चालते. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, त्वचेचा कर्करोग अशा मोजक्या कारणांसाठी ती नाकारतात, आणि तो निर्णय पेढीतले डॉक्टर घेतात. 'आमच्या आजीची कुठे चालणार' हे आपण घरात बसून ठरवायचं नसतं.

कृत्रिम त्वचेचं म्हणाल, तर ती खरोखरच निघाली आहे आणि तिच्यामागचं विज्ञान थक्क करणारं आहे. अमेरिकेत जेम्स राइनवॉल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ मध्ये माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची रीत शोधली, आणि १९८० च्या दशकात ९० टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना त्या रीतीनं वाचवण्यात आलं. जॉन बर्क आणि योआनिस यानास यांनी कोलॅजनपासून अंतस्त्वचेचा पर्याय बनवला. पण पेशी वाढवून त्यांचे पुरेसे पापुद्रे तयार व्हायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. तोवर रुग्णाच्या जखमा झाकायला काय वापरतात? बहुतेक ठिकाणी दानाचीच त्वचा. शिवाय हे पर्याय इतके महाग आहेत की आपल्या सरकारी रुग्णालयातल्या रुग्णापर्यंत ते पोचत नाहीत. कृत्रिम त्वचेचा दाखला देऊन दान नाकारणारा माणूस, ती त्वचा ज्याला परवडते त्याचाच विचार करत असतो.

'हे आपल्या परंपरेत बसत नाही' असंही ऐकू येतं. पण त्वचा एका जागेवरून काढून दुसरीकडे लावण्याच्या विद्येचं घर आपलाच देश आहे. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेनं नाक घडवण्याचं वर्णन आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या विटा बनवणाऱ्या जातीतल्या कारागिरानं कपाळाची त्वचा वळवून नवं नाक करून दिलं, ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकानं वीस वर्षांनी, १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासाची पुस्तकं पुण्याचं नाव घेतात ते यासाठी. ती त्वचा स्वतःचीच होती, दुसऱ्याची नव्हे, हा फरक मला मान्य आहे. पण कातडीला हात लावणं अमंगळ, ही भावना या मातीतली प्राचीन भावना म्हणून कुणी सांगू नये.

अंत्यविधीला देह पूर्ण असावा, असं वाटणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन. काही तासांत अग्नी किंवा माती त्या त्वचेचं काय करणार हे आपल्याला ठाऊक आहे. आगीनं भाजलेल्या माणसासाठी कुणी तिचा पातळसा पापुद्रा मागत असेल, तर तो देण्यानं गेलेल्या माणसाचा मान कमी होतो, हे मला पटत नाही. आईच्या देहाला शेवटचं स्नान घालताना ज्यांचा हात थरथरतो, त्यांना ही मागणी जड वाटणारच. ती जड आहेच. पण तिच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी आई पट्ट्यांत गुंडाळलेली पडलेली असते.

एका आक्षेपाला मात्र मी वजन देतो: 'दिलेल्या त्वचेचा धंदा होणार नाही कशावरून?' मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीनं त्यात ऊतींचाही समावेश झाला, आणि ऊतींची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. रुग्णाकडून प्रक्रियेचा खर्च घेतला जातो, तो किती, हे प्रत्येक पेढीनं उघडपणे जाहीर केलं पाहिजे. किती त्वचा आली, किती वापरली, त्यातली सरकारी रुग्णालयांना किती दिली, हेही. विश्वास मागणाऱ्यांनी हिशेब दिलाच पाहिजे. आणखी एक दोष त्वचादानाच्या चळवळीचा आणि शासनाचा मिळून आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे, राज्यातल्या आणखी काही मोठ्या शहरांतही आहे. पण तालुक्याच्या गावी मृत्यू झाला, तर सहा तासांच्या आत पोचेल असं पथकच नाही. तिथल्या माणसांनी नकार दिलेला नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही. जिल्हा रुग्णालयांत त्वचा काढण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं नेमायला फार मोठा खर्च लागत नाही. हे काम शासनानं हाती घेतलं पाहिजे आणि आपण ते मागितलं पाहिजे.

दानाची त्वचा सगळ्यांना वाचवत नाही, हेही सांगायला हवं. श्वासनलिका होरपळलेली माणसं ती लावूनही जातात. जगलेल्यांच्या अंगावर व्रण राहतात. नव्या कातडीला घाम नसतो, स्पर्श बोथट असतो, उन्हाळा सोसत नाही. पण जगण्याची संधी आणि संधीही नसणं, यांतला फरक कित्येकदा एवढ्याच पापुद्र्याचा असतो.

वाचकांना माझी विनंती आहे. त्वचादानाचा अर्ज भरला नसला तरी चालतो. मृत्यूनंतर जवळच्या नातलगांची संमती पुरते, आणि अर्ज भरलेला असला तरी शेवटी त्यांचाच होकार लागतो. म्हणून आपली इच्छा नवऱ्याला, बायकोला, मुलांना आजच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. जवळच्या त्वचापेढीचा फोन नंबर घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये घाला. मृत्यू झाल्यावर डॉक्टरांचं प्रमाणपत्र ताबडतोब घ्या, देह थंड जागी ठेवा आणि पहिला फोन पेढीला करा. सहा तास असतात, आणि रडण्यात, नातेवाइकांना कळवण्यात त्यातले तीन निघून जातात.